प्रश्नमंजुषेसाठी मदत हवी: ग्रीक-रोमन इतिहासकारांनी सावकार-बँकांबद्दल काही लिहिलंय का?

सांगलीकर_प्रश्नवाला

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात प्रश्नमंजुषा असते आणि प्रश्न काढायचं काम दरवर्षी माझ्याच गळ्यात पडतं. एक फेरी बँकिंगची असतेच, कारण निम्मी सोसायटी बँकेतून निवृत्त झालेली. पण त्यांना आता सगळं पाठ आहे. 'अजून चालू असलेली सर्वांत जुनी बँक' एवढं म्हणायचा अवकाश, सिएना, १४७२! मध्यवर्ती बँक म्हटलं की स्वीडन, १६६८. रिझर्व्ह बँक १ एप्रिल १९३५, राष्ट्रीयीकरण १९ जुलै १९६९, बँका १४. बझर दाबायचीही तसदी कोणी घेत नाही.

यंदा दुसरी एक फेरी प्राचीन ग्रीस-रोमच्या इतिहासकारांवर ठेवली आहे. तर म्हटलं, दोन्हींची सांगड घालता येईल का? लढाया आणि राजे सोडून या लोकांनी ठेवी, उसनवारी, व्याज असलं काही लिहिलंय का? मूळ पुस्तकं मी वाचलेली नाहीत, त्यामुळे कोणत्या इतिहासकाराने काय म्हटलंय ते नावानिशी सांगितलंत तर बरं. एक प्रश्न तयार आहे: 'जगात पहिली नाणी कोणी पाडली?' उत्तर, लिडियाच्या (आजच्या तुर्कस्तानातलं प्राचीन राज्य) लोकांनी. हिरोडोटस तसं म्हणतो. चालेल ना?

वसुलीवाले_काका

लिहिलंय का म्हणजे काय! टॅसिटसने इसवी सन ३३ मधली अख्खी कर्जकोंडी लिहून ठेवली आहे. माझी सगळी नोकरी कर्ज आणि वसुलीत गेली. 'अ‍ॅनल्स'च्या सहाव्या भागातली ती दोन प्रकरणं मी पहिल्यांदा वाचली तेव्हा हा माणूस आमच्याच खात्यात होता की काय अशी शंका आली.

झालं असं. सावकारी किती करायची आणि इटलीत जमीन किती ठेवायची याबद्दल ज्युलियस सीझरच्या वेळचा एक कायदा होता. पाळत कोणीच नव्हतं. ३३ साली खबऱ्यांनी तो उकरून काढला आणि सावकारांवर खटल्यांचा सपाटा लावला. प्रकरणं इतकी साचली की ग्रॅकस नावाच्या न्यायाधिकाऱ्याने हात टेकले आणि विषय सिनेटकडे ढकलला. सिनेटची पाचावर धारण बसली, कारण त्या कायद्यात न सापडणारा तिथे एकही नव्हता! सगळ्यांनी मिळून सम्राटापुढे पदर पसरला. टायबेरियसने आपापले व्यवहार कायद्यात बसवायला दीड वर्षाची मुदत दिली.

पुढचं कर्जखात्यातल्या माणसाला सांगायला नको. सगळ्यांनी एकदम येणी मागायला सुरुवात केली. रोकड आधीच आटलेली, कारण एकामागून एक खटल्यांत दोषी ठरलेल्यांची मालमत्ता विकून आलेलं नाणं सरकारी तिजोरीत जाऊन बसलं होतं. सिनेटने तोडगा काढला की प्रत्येक सावकाराने भांडवलाचे दोन तृतीयांश इटलीतल्या जमिनीत घालावेत. स्वेटोनियस पुस्ती जोडतो की कर्जदारांनीही दोन तृतीयांश कर्ज लगेच फेडावं असं ठरलं होतं. कागदावर झकास. प्रत्यक्षात सावकारांनी पूर्ण रक्कम मागितली, आणि मागितल्यावर कमी देणं म्हणजे बाजारात पत गेली. कर्जदार जमिनी विकायला धावले. ज्यांच्या गाठीला पैसा होता ते भाव आणखी पडायची वाट बघत बसले. भाव कोसळले. ज्याचं कर्ज मोठं त्याची जमीन विकणं सगळ्यांत अवघड. कित्येक घराणी बसली, आणि पैशाबरोबर इभ्रतही गेली.

मग टायबेरियसने १० कोटी सेस्टर्स (रोमन नाणं) बँकांमार्फत बाजारात सोडले. मुदत तीन वर्षं, बिनव्याजी. तारण मात्र कर्जाच्या दुप्पट किमतीची जमीन. म्हणजे पन्नास टक्के मार्जिन, तेही पडत्या भावात! व्याज सोडलं, पण तारण सोडलं नाही. सम्राट असूनही मला हा माणूस इथे आवडतो. रक्कम केवढी ते असं बघा: लीजन म्हणजे रोमन सैन्याची मोठी तुकडी. तिच्यातल्या साध्या शिपायाला तेव्हा वर्षाला ९०० सेस्टर्स मिळत. १० कोटीला ९०० ने भागलं की १ लाख ११ हजार शिपायांचा वर्षाचा पगार. लीजन २५ होत्या हे टॅसिटसच सांगतो, एकेकीत पाचेक हजार माणसं धरा. जवळजवळ सगळ्या लीजनांच्या शिपायांचा पगार त्याने बाजारात ओतला.

टॅसिटसला टायबेरियस डोळ्यांसमोर नको असे. त्याच वर्षी सेक्स्टस मारियस या हिस्पानियातल्या गडगंज माणसाला मारून त्याच्या सोन्याच्या खाणी सम्राटाने स्वतःकडे ठेवल्या, हेही तो लागलीच सांगतो. तरी या बाबतीत तो कबूल करतो की पत परत आली आणि हळूहळू खाजगी सावकारही पुन्हा कर्ज द्यायला लागले. आणि सिनेटच्या त्या जमीन घेण्याच्या हुकमाचं काय झालं? तो म्हणतो, अशा गोष्टींचं होतं तेच. सुरुवातीला कडक, शेवटी कोणी विचारत नाही. अशी किती परिपत्रकं माझ्या टेबलावरून गेली!

प्रश्न असा घाला: 'इसवी सन ३३ मध्ये टायबेरियसने दिलेल्या कर्जावर व्याजदर किती होता?' निवृत्त मंडळी सहा, आठ, बारा अशी बोली लावत बसतील.

आयबीपीएस_२ंदा

काका, हे परीक्षेत येतं का? आम्हाला क्लासमध्ये रोमन काहीच शिकवत नाहीत.

वसुलीवाले_काका

नाही. तू १६६८ (स्वीडन) आणि १६९४ (बँक ऑफ इंग्लंड) पाठ कर. फक्त स्वीडनने १६६८ ला मध्यवर्ती बँक का काढली ते एकदा वाच. पामस्त्रुखच्या बँकेने १६६१ मध्ये युरोपात पहिल्या नोटा काढल्या, तिजोरीत होतं त्यापेक्षा जास्त काढल्या, आणि लोक नाणी मागायला दारात आले तेव्हा ती बसली. कारण कळलं की साल विसरायला होत नाही.

खडू_फळा

सांगलीकर, नाण्यांच्या प्रश्नात 'हिरोडोटसच्या म्हणण्याप्रमाणे' हे शब्द घालाच, नाहीतर कोणीतरी हात वर करेल. हिरोडोटस लिडियाच्या लोकांबद्दल म्हणतो की सोन्याचांदीची नाणी पाडून वापरणारे, आपल्याला माहीत असलेले, हे पहिले लोक आणि किरकोळ दुकानदारीही पहिल्यांदा त्यांनीच केली. पण लिडियाची सर्वांत जुनी नाणी निव्वळ सोन्याची नाहीत आणि निव्वळ चांदीचीही नाहीत, ती सोनं-चांदीच्या मिश्रणाची आहेत. एफिससला आर्टेमिसच्या देवळाच्या पायाखाली १९०४-०५ च्या उत्खननात ती सापडली. शिवाय चीन आणि भारतातली जुनी नाणी हा वेगळाच वाद आहे, त्यात गणपतीत पडू नका.

त्याच देवळावरून एक छान प्रश्न निघतो. झेनोफन, म्हणजे 'अ‍ॅनाबॅसिस'चा लेखक आणि 'हेलेनिका'चा इतिहासकार, याच्याकडे मोहिमेतल्या कमाईतला देवीचा हिस्सा होता. स्पार्टाचा राजा अगेसिलाऊस याच्याबरोबर ग्रीसमधल्या बिओशियाच्या लढाईला निघताना त्याने तो एफिससच्या देवळाच्या व्यवस्थापकाकडे, मेगाबिझोसकडे ठेवला. सांगून गेला की मी वाचलो तर परत दे, नाही वाचलो तर देवीला आवडेल असं काहीतरी घडवून वाहा. झेनोफन वाचला. पुढे मेगाबिझोस ऑलिंपियाचे खेळ बघायला आला तेव्हा ठेव घेऊनच आला. त्या पैशातून झेनोफनने स्किलस इथे देवीच्या नावाने जमीन घेतली. पावती नाही, व्याज नाही, समुद्रापलीकडची ठेव, आणि ती घरपोच.

एक सावधगिरी. कोणीतरी तुम्हाला पासिओनचं नाव सुचवेल. अथेन्सच्या पिरेअस बंदरातला हा बँकर मुळात बँकरांचाच गुलाम होता, पुढे मुक्त झाला, नागरिक झाला, शहराला एक हजार ढाली देऊन गेला. मरताना त्याने आपली बायको आणि बँकेचा कारभार फोर्मिओ या आपल्याच मुक्त केलेल्या गुलामाकडे सोपवला. गोष्ट मोठी रंगतदार आहे, पण ती इतिहासकारांनी सांगितलेली नाही. इसोक्रेटीस आणि डेमोस्थेनीस यांच्या नावावरच्या कोर्टातल्या भाषणांतून ती कळते. तुमची फेरी इतिहासकारांची असेल तर तिथे गडबड होईल.

माझी आवडती गोष्ट पॉलिबियसची. हा ग्रीक माणूस रोममध्ये ओलीस म्हणून आला आणि रोमन सेनापती सिपिओ एमिलियानसचा जवळचा मित्र झाला. सिपिओच्या दत्तक घराण्यातली आजी एमिलिया वारली, आणि तिच्या दोन मुलींच्या हुंड्याची उरलेली रक्कम सिपिओच्या अंगावर आली. प्रत्येकीचे ५० टॅलंट (ग्रीकांचं वजनाचं आणि पैशाचं मोठं माप) ठरले होते, निम्मे आईने दिले होते, २५-२५ राहिले. रोमच्या रिवाजाप्रमाणे हे तीन वर्षांत हप्त्याहप्त्याने द्यायचे. दहा महिन्यांच्या आत फक्त घरातलं सामानसुमान पोचवायचं. सिपिओने आपल्या बँकरला सांगितलं, दहा महिन्यांत सगळी रक्कम देऊन टाक. जावई होते टायबेरियस ग्रॅकस आणि सिपिओ नासिका. ते बँकरकडे चौकशीला गेले, त्याने पूर्ण रक्कम पुढे केली. यांना वाटलं, बँकर चुकतोय! ते त्याला समजावायला लागले, मग उठून थेट सिपिओकडे गेले, की बाबा रे, तुला हे पैसे अजून तीन वर्षं वापरता येतात. सिपिओ म्हणाला, ठाऊक आहे. परक्यांशी व्यवहार करताना मी कायद्याचं अक्षर बघतो, नातलगांशी आणि मित्रांशी नाही. दोघे खाली मान घालून परतले. पॉलिबियस तिथे बेधडक लिहितो की रोममध्ये कोणी कोणाला स्वतःचं काही आपणहून देत नाही, आणि मुदतीच्या आधी एक टॅलंटही कोणी फेडत नाही.

मला यात मौज वाटते ती बँकरची. इतक्या मोठ्या रकमा त्याच्या एका शब्दावर हलतात आणि पॉलिबियसला त्यात नवल काहीच वाटत नाही. त्याला नवल वाटतं ते वेळेआधी पैसे देणाऱ्याचं.

सांगलीकर_प्रश्नवाला

वा ताई! हुंड्याची गोष्ट सोसायटीत सांगावी की नाही याचा विचार करतोय, दोनतीन सासरे पहिल्या रांगेतच बसतात. लिव्ही आणि थुसिडिडीसचं एकेक मिळालं तर फेरी पूर्ण होईल.

खडू_फळा

थुसिडिडीस सोपा. स्पार्टाशी युद्धाच्या तोंडावर अथेन्सचा पुढारी पेरिक्लीस तिथल्या लोकांना गंगाजळीचा हिशेब देतो: अ‍ॅक्रोपोलिसवर (अथेन्सची देवळांची टेकडी) ६००० टॅलंट चांदीची नाणी शिल्लक, आणि अगदीच वेळ आली तर अथेनाच्या मूर्तीवरचं ४० टॅलंट वजनाचं सोनं. ते काढून घेता येईल असं बसवलेलं होतं. वापरलं तर तेवढंच परत बसवायचं, असंही तो बजावतो. प्रश्न: 'अथेन्सच्या राखीव निधीत कोणत्या मूर्तीचं सोनं धरलं होतं?'

वसुलीवाले_काका

लिव्हीचं मी सांगतो, कारण त्यात लिलाव आहे. इसवी सनापूर्वी २११. कार्थेजचा सेनापती हॅनिबल रोमच्या दाराशी तळ ठोकून बसलेला. त्याच दिवसांत तळाखालची ती जमीन रोममध्ये विकली गेली आणि शत्रू तिच्यावर बसलाय म्हणून किंमत एका पैशानेही उतरली नाही! हॅनिबलच्या कानावर हे गेलं तेव्हा तो इतका खवळला की त्याने आपल्या छावणीत दवंडीवाला बोलावून रोमच्या फोरमभोवतीची (शहराचा मुख्य चौक) बँकरांची दुकानं लिलावात काढली. बोली कोणी लावली ते लिव्ही सांगत नाही. ताबा न मिळालेल्या मालमत्तेचे लिलाव मीही केलेत, त्याला कोणी फिरकत नाही.

त्यालाही जुनं एक आहे. इसवी सनापूर्वी ३५२ मध्ये कर्जांनी लोक टेकीला आले तेव्हा रोमने पाच जणांची सरकारी समिती नेमली. त्यांनी फोरममध्ये टेबलं मांडली, समोर रोकड ठेवली. ज्याच्याकडे तारण होतं त्याला तिजोरीतून पैसे दिले, बाकीच्यांच्या मालमत्तेची वाजवी किंमत ठरवून तिच्यातून कर्ज भागवलं. दोन्ही बाजूंची ओरड न होता निकाल लागला असं लिव्ही कौतुकाने लिहितो. दोन्ही बाजू खूश असलेली कर्जवसुली मी पाहिलेली नाही, पण लिव्ही म्हणतो म्हणून मानू. टायबेरियसच्या पावणेचारशे वर्षं आधीचं हे तारण-कर्ज, एवढं लक्षात असू द्या.

पांडवलेणीवाला

बोनस प्रश्न इथलाच घ्या की! नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे, इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला. हा क्षत्रप नहपानाचा जावई. त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे (कारागिरांचे संघ) ३००० कार्षापण (तेव्हाची नाणी) कायम ठेवीत ठेवले: २००० शेकडा एक दराने, १००० शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत द्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. २००० च्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी (भिक्खूंचं वस्त्र) प्रत्येकी १२ कार्षापण. आता हिशेब करा: २० गुणिले १२ म्हणजे २४०. २००० वर वर्षाला २४० येतात ते दर महिन्याला शेकडा एक धरला तरच. गणिताचा प्रश्न म्हणूनही चालेल.

वसुलीवाले_काका

म्हणजे वर्षाला बारा टक्के, ठेवीदार राजाचा जावई, आणि मुद्दल कधीच मागायला येणार नाही. असा एक ठेवीदार आमच्या शाखेला मिळाला असता तर मॅनेजरने त्याचा फोटो लावला असता.

सांगलीकर, हा प्रश्न घेतलात तर उत्तरपत्रिकेवर 'दरमहा' हे मोठ्या अक्षरांत लिहा. नाहीतर निवृत्त मंडळी 'एक टक्का की बारा टक्के' यावर आरती सुरू होईपर्यंत भांडतील. आणि टायबेरियसवाला प्रश्न शेवटी ठेवा.