कॉयरमध्ये गाण्याचा पगार मिळतो?

कोथरूडचा_टेनर:
आमच्या हौशी कॉयरची, म्हणजे समूहगानाच्या मंडळाची, तालीम शनिवारी. दोन तासांतला अर्धा तास चहात जातो, अर्धा "आल्टो कुठे राहिल्या?" यात (आल्टो म्हणजे खालच्या सुरात गाणाऱ्या बायका). परवा एकजण म्हणाला, बीबीसीकडे महिन्याच्या पगारावर गाणारी माणसं आहेत. खरंय? दिवसभर करतात काय?

लंडनकर:
खरंय. बीबीसी सिंगर्स. सुरुवात १९२४ची, तेव्हा नाव 'वायरलेस कोरस'. आता साधारण वीसजण. नवीन, अवघड स्वरलिपीचा कागद हातात पडला की थोड्या तालमींत तो उभा करायचा, हे त्यांचं मुख्य काम. १९३४मध्ये विशीतल्या बेंजामिन ब्रिटन या इंग्रज संगीतकाराची रचना त्यांनीच पहिल्यांदा रेडिओवर गायली. (थोर इंग्रज संगीतकार एडवर्ड एल्गार वारला त्याच दिवशी!)

पण माझ्या मते खरा किस्सा फ्रेंच संगीतकार पुलांकचा. १९४३, फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात. त्याने कवी एल्युआरच्या कवितांवर बारा आवाजांची रचना केली, साथीला एकही वाद्य नाही. पॅरिसात ती चोरून छापली आणि मार्च १९४५मध्ये पहिल्यांदा गायली गेली ती लंडनला, याच लोकांकडून, तीही इंग्रजीत.

एकदा त्यांना लंडनच्या मेडा व्हेल भागातल्या बीबीसीच्या स्टुडिओत ऐकलं. ही जागा मुळात स्केटिंगची रिंक. एका आल्टो बाईंनी ट्यूनिंग फोर्क (आपटला की एकच ठरलेला सूर देणारा धातूचा चिमटा) बोटाच्या पेरावर हलकेच आपटला, कानाशी नेला आणि आजूबाजूला भलतेच सूर चालू असताना आपल्या सुरावर बरोब्बर उतरल्या. पगार त्याचा.

सुलूमावशी:
मध्यंतरी बंद करणार होते ना रे?

लंडनकर:
हो मावशी, मार्च २०२३मध्ये तसं जाहीर केलं. शंभरी तोंडावर आलेली! म्हणे, पैसा देशभरातल्या समूहगानाकडे वळवू. लाखाच्या वर सह्या जमल्या, संगीतकार खवळले, त्याच महिन्यात निर्णय थांबवला. कॉयर राहणार हे पक्कं झालं २०२४च्या फेब्रुवारीत. हौशी कॉयर हवेतच, मीही एकात गातो. पण पुलांकचं ते आम्हाला वर्षभर दिलं तरी आमची गाडी चौथ्या पानावर अडकेल.

कोथरूडचा_टेनर:
आमचा कीबोर्डवाला आला नाही तर तालीमच रद्द होते. फोर्क कुठला घेऊ?

लंडनकर:
४४० हर्ट्झचा (म्हणजे सेकंदाला ४४० कंपनांचा). वैद्यकीय सामानाच्या दुकानात जाऊ नका, तिथे ५१२चा गळ्यात मारतील. तो कान तपासायचा.

सुलूमावशी:
तोही घेऊन ठेव रे, आल्टोंसाठी.