फिक्स्ड साईट की अ‍ॅडजस्टेबल: स्टेनलेस रिव्हॉल्व्हरबद्दलच्या एका ठाम विधानाला उत्तर

खाचमाशी:
रिव्हॉल्व्हरच्या साफसफाईवरील चर्चेत ‘जुनीनळी’ यांनी जाता जाता लिहिले: “स्टेनलेस घ्यायचे तर फिक्स्ड साईटचेच घ्यावे. अ‍ॅडजस्टेबल साईट कागदाला भोके पाडणाऱ्यांसाठी असते. कामाच्या हत्यारावर तिचे काही काम नाही.” (साईट म्हणजे नेम धरायची जोडी: नळीच्या तोंडावरची माशी आणि मागची खाच. फिक्स्डमध्ये दोन्ही पक्क्या असतात, अ‍ॅडजस्टेबलमध्ये मागची खाच स्क्रूने हलवता येते.) त्यावर अनेकांनी माना डोलावल्या, म्हणून हे उत्तर वेगळ्या धाग्यात आणि सविस्तर लिहीत आहे. असली वाक्ये ऐकूनच नवे लोक हत्यार निवडतात, आणि पुढे वर्षानुवर्षे गोळी खाली का लागते म्हणून आपल्याच हाताला दोष देत राहतात.

कोणतेही चार इंची नळीचे मॅग्नम, म्हणजे जोरदार काडतुसाचे, रिव्हॉल्व्हर बाजूने धरून नीट पाहा. नळीच्या मध्यरेषेपासून मोजले तर माशी मागच्या खाचेपेक्षा उंच दिसेल. म्हणजे नेम धरलेला असताना नळीचे तोंड किंचित खाली झुकलेले असते. याचे कारण असे, की गोळी नळीत असतानाच धक्क्याने तोंड वर उचलले जाऊ लागते आणि कारखान्याने तो उठाव माशीच्या उंचीत आधीच धरलेला असतो. पण हा उठाव सगळ्या काडतुसांना सारखा नसतो. जड आणि संथ गोळी नळीत जास्त वेळ राहते, म्हणून वर लागते. हलकी आणि वेगवान गोळी लवकर सुटते, म्हणून खाली लागते. .३५७ मॅग्नमच्या एकाच सिलिंडरमध्ये सेकंदाला सुमारे २३५ मीटर वेगाची १५८ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप) सौम्य .३८ स्पेशल गोळीही बसते आणि ४३० मीटरच्या आसपास जाणारी १२५ ग्रेनची मॅग्नम गोळीही बसते. या दोघींसाठी एकच अचल माशी बरोबर कशी असेल?

हिशेब अवघड नाही. चार इंची नळीच्या रिव्हॉल्व्हरवर माशी आणि खाच यांतले अंतर साधारण १५० मिलिमीटर असते. २५ मीटर म्हणजे त्याच्या सुमारे १६७ पट. तेव्हा माशीची उंची अर्ध्या मिलिमीटरने चुकली, तर निशाणावर ८ सेंटिमीटरांपेक्षा जास्त फरक पडतो. अ‍ॅडजस्टेबल साईटवर हा फरक स्क्रूड्रायव्हरने निघतो. फिक्स्ड साईटवर तो कानशीने काढावा लागतो, आणि एकदा काढलेला धातू परत येत नाही.

जुनीनळी:
माझे एक वाक्य उचलून त्यावर आपण संपूर्ण प्रबंध लिहिलात, तेव्हा उत्तर देणे भाग आहे. आपला हिशेब बरोबर आहे, पण अंतर आपण सोयीचे निवडले आहे. तोच फरक ७ मीटरवर मोजा: सव्वादोन सेंटिमीटर भरतो, आणि जीव वाचवण्यासाठी हत्यार उपसावे लागते तेव्हा अंतर बहुधा त्याहूनही कमी असते. तिथे सव्वादोन सेंटिमीटरांनी काहीही बिघडत नाही.

बिघडते ते असे. एका स्थानिक स्पर्धेत माझ्याकडे नामांकित कारखान्याचे अ‍ॅडजस्टेबल साईटचे स्टेनलेस रिव्हॉल्व्हर होते. पहिल्या फेरीत गोळ्या जिथे हव्या तिथे लागल्या आणि दुसऱ्या फेरीत त्या उजवीकडे सरकू लागल्या. मी चाप, मूठ, श्वास, सगळे तपासत बसलो. शेवटी मागच्या साईटला अंगठा लावला तर पातळ पाते खाचेत खुळखुळत होते. बाजूचा स्क्रू धक्क्यांनी सैल झाला होता. फ्रेमच्या वरच्या पट्टीत कोरलेली खाच कधीच सैल होत नाही, कारण तिथे सैल व्हायला काही नसतेच. शिवाय त्या पात्याचे कोपरे दोन जॅकेटांचे अस्तर फाडून मोकळे झाले, ते वेगळेच.

आणि हे केवळ माझे मत नाही. अमेरिकेतल्या पोलिसांनी पिढ्यान्‌पिढ्या स्मिथ अँड वेसन कंपनीचे मॉडेल १० रिव्हॉल्व्हर वापरले. त्याचीच स्टेनलेस आवृत्ती म्हणजे मॉडेल ६४, आणि दोन्हींवर फिक्स्ड साईट. १९८०च्या दशकात एफबीआयने तीन इंची मॉडेल १३ घेतले, तेही .३५७ मॅग्नम आणि तेही फिक्स्ड. त्यांना आपला हिशेब ठाऊक नव्हता, असे आपले म्हणणे आहे काय?

खाचमाशी:
एफबीआयचे उदाहरण आपण दिलेत हे बरे झाले, कारण ते माझ्या बाजूचे आहे. त्या मॉडेल १३ मध्ये एजंट कोणते काडतूस भरत? .३८ स्पेशल प्लस पी (म्हणजे जास्त दाबाचे), १५८ ग्रेनची शिशाची पोकळ टोकाची गोळी, जिला आजही लोक एफबीआय लोड म्हणतात. म्हणजे फिक्स्ड साईट ज्या वजनाच्या गोळीसाठी जुळवलेली असते नेमके तेच वजन, सगळ्यांना सारखे आणि वरून ठरवून दिलेले. ज्या संस्थेत काडतूस बदलायचा अधिकार हत्यार वापरणाऱ्याला नसतो, तिथे फिक्स्ड साईट शोभते. आम्ही तुम्ही आज एक पेटी आणतो आणि उद्या दुसरी, जी मिळेल ती.

मॉडेल १९ आपण सोयीस्करपणे वगळलेत. १९५५ मध्ये ते ‘कॉम्बॅट मॅग्नम’ या नावाने आले, ते अमेरिकेच्या बॉर्डर पेट्रोलमधल्या बिल जॉर्डन यांच्या आग्रहावरून. घोडा, जीप, धूळ आणि वाळवंट यांत हयात घालवलेल्या त्या माणसाला कमरेवर रोज बाळगण्याचे हत्यार हवे होते, आणि त्यावर अ‍ॅडजस्टेबल साईट होती. ते कागदाला भोके पाडण्यासाठी घेतले होते, असे म्हणायची हिंमत आपण कराल का? त्याचीच स्टेनलेस आवृत्ती म्हणजे मॉडेल ६६.

पोलादपारखी:
दोघांच्याही लिखाणात एक गोष्ट निसटली आहे आणि माझ्या मते मूळ प्रश्न तोच आहे. लोक स्टेनलेस घेतात ते गंज टाळण्यासाठी. पण स्टेनलेस रिव्हॉल्व्हरवरची काळी अ‍ॅडजस्टेबल साईट बहुधा स्टेनलेस नसते. ती साध्या पोलादाची आणि काळी केलेली असते. म्हणजे घाम लागणाऱ्या हत्यारावर सहज गंजणारा दर्शनी भाग आपण जास्तीचे पैसे देऊन लावून घेतो. माझ्याकडच्या रिव्हॉल्व्हरची फ्रेम पावसाळ्यानंतरही स्वच्छ होती, मात्र मागच्या पात्याच्या कडेला तांबूस बुरा धरला होता आणि उंचीच्या स्क्रूची खाच गंजाने बुजली होती. तो स्क्रू फिरवायला गेलो तर त्याचे डोकेच कुरतडले गेले. जी साईट फिरतच नाही, तिला अ‍ॅडजस्टेबल का म्हणावे?

जुनीनळी:
हेच मी म्हणत होतो. फिक्स्ड साईटच्या स्टेनलेस रिव्हॉल्व्हरवर असा परका तुकडा नसतो; खाच आणि माशी दोन्ही त्याच धातूतून निघतात. ते पुसून ठेवले की गंजाची चिंता मिटली.

पोलादपारखी:
क्षमा करा, पण हेही खरे नाही, आणि या समजुतीने मी चांगली हत्यारे खराब झालेली पाहिली आहेत. स्टेनलेस पोलाद गंजते. त्यात किमान १०.५ टक्के क्रोमियम असते म्हणून पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ थर बनतो आणि तोच खालच्या धातूला जपतो. पण घामातल्या आणि समुद्राच्या हवेतल्या क्लोराइडने तो थर जागोजागी फुटतो आणि तिथे सुईच्या टोकाएवढे खड्डे पडू लागतात. मुठीच्या लाकडाखाली, सिलिंडरच्या दांड्यापाशी आणि चामड्याच्या होल्स्टरमध्ये रात्रभर ठेवलेल्या हत्याराच्या ज्या बाजूला घाम जिरतो तिथे हे आधी दिसते. पुसून ठेवून चिंता मिटत नाही, तेलाचा हात लागतोच.

जुनीनळी:
मी तेल लावू नका असे कुठे म्हटले? आपण दोघेही मी न लिहिलेल्या वाक्यांना उत्तरे देत आहात. प्रश्न साईटचा होता आणि आपण धातुशास्त्राचा तास घेत आहात.

दूरवेध:
धातूचा विषय साईटपासून वेगळा नाही, म्हणून मध्ये बोलतो. स्टेनलेस माशी ही स्टेनलेस खाचेतून उन्हात पाहिली आहे का? चमकत्या खाचेत चमकती माशी, दोन्हींच्या कडा एकमेकींत विरघळतात आणि डोळ्याला पकडायला रेषाच उरत नाही. सूर्य एका खांद्यामागे असेल तर माशीची एक बाजू उजळते, डोळा त्या उजेडाला मधोमध धरतो आणि गोळी विरुद्ध बाजूला जाते. सुरुवातीच्या मॉडेल ६६ वर कारखान्याने मागची साईटसुद्धा स्टेनलेसचीच दिली होती. ती चमकते म्हणून पुढे काळी केली. तेव्हा पोलादपारखी ज्या काळ्या पात्याला दोष देत आहेत, ते पाते कारखान्याने मुद्दाम काळे केले आहे. मला गंजाचा ठिपका चालेल, पण जी दिसत नाही ती साईट चालणार नाही.

पोलादपारखी:
चमक हा दोष मी नाकारत नाही. पण त्यावर इलाज आहे. माशीच्या उतारावर आडव्या रेघा असतात त्या त्यासाठीच, आणि त्या पुरेशा नसतील तर आधी पांढऱ्याचा हात देऊन वर भडक नेलपॉलिश लावता येते. निघाले की पुन्हा लावायचे.

दूरवेध:
रंगाने माशी दिसेल, खाच कशी दिसेल? अडचण दोन्हींकडून आहे. वरच्या पट्टीतली जुन्या घडणीची खाच उथळ आणि अरुंद असते. पन्नाशी ओलांडलेल्या डोळ्यांना तिच्यातून माशीच्या दोन्ही बाजूंचा उजेड दिसत नाही. अ‍ॅडजस्टेबल साईटचे चौकोनी, उभे, काळे पाते मला दिसते. मी ती स्क्रूंसाठी घेतलेलीच नाही. एकदा नेम जुळल्यावर ते स्क्रू पुन्हा फिरवल्याचे मला आठवतही नाही. या चर्चेत हा मुद्दा कोणीच मांडला नाही याचे आश्चर्य वाटते.

खाचमाशी:
हा मुद्दा मी मांडायला हवा होता, तो दूरवेध यांनी अधिक चांगला मांडला. बाजाराचा कौलही बघा: स्मिथ अँड वेसनने १९८०च्या दशकाच्या आरंभी एकाच फ्रेमवर स्टेनलेसमध्ये ६८१ फिक्स्ड आणि ६८६ अ‍ॅडजस्टेबल अशी जोडी काढली. ६८१ बंद झाले, ६८६ आजही बनते. रूगर या दुसऱ्या अमेरिकी कंपनीच्या सर्व्हिस-सिक्स आणि स्पीड-सिक्स या फिक्स्ड भावंडांनंतर आलेले जीपी१००सुद्धा मुख्यतः अ‍ॅडजस्टेबल साईटनेच ओळखले जाते.

जुनीनळी:
हा युक्तिवाद लबाडीचा आहे, आणि आपल्यासारख्या जाणकाराकडून तो अपेक्षित नव्हता. ६८१ कोण विकत घेत होते? पोलीस खाती. त्याच सुमारास खाती रिव्हॉल्व्हर सोडून पिस्तुलांकडे वळली, मागणी संपली आणि मॉडेल बंद झाले. त्यात साईट वाईट होती असा निकाल कुठून आला? उरलेले गिऱ्हाईक निशाणबाजीच्या मैदानावर जाणारे होते, त्याला जे हवे ते बनत राहिले. म्हणजे मी मूळ वाक्यात जे म्हटले तेच आपण सिद्ध केलेत.

खाचमाशी:
‘लबाडी’ हा शब्द मागे घ्यावा अशी विनंती आहे. पोलिसांच्या मागणीचे कारण मला मान्य आहे, तेवढ्यापुरता बाजाराचा मुद्दा सोडून देतो. पण जॉर्डन यांच्याबद्दल आपण अजूनही गप्प आहात.

जुनीनळी:
शब्द मागे घेतो. जॉर्डन यांना उघड्या प्रदेशात काम होते, जिथे ५० मीटरवर नेम धरण्याची वेळ येऊ शकते, आणि तिथे अ‍ॅडजस्टेबल साईटचा उपयोग आहे, एवढे मी मान्य करतो. त्यामुळे ‘काही काम नाही’ हे शब्द जास्त झाले असे कोणाला वाटत असेल तर वाटो. .३८ स्पेशलवरच्या फिक्स्ड साईटबद्दलचे माझे मत त्याने तसूभरही हलत नाही.

खाचमाशी:
.३८ बद्दल माझे आपल्याशी भांडण नव्हतेच. दोन इंची नळीच्या, खिशात बाळगायच्या हत्यारावर मीसुद्धा फिक्स्डच घेईन. १९६५चे मॉडेल ६०, म्हणजे नियमित उत्पादनात आलेले पहिले स्टेनलेस रिव्हॉल्व्हर, फिक्स्डच होते आणि ते योग्यच होते. माझा आक्षेप .३५७ वर फिक्स्ड साईट लावून वर तिला श्रेष्ठ म्हणण्याला आहे.

नवानेम:
मी गप्प राहून वाचत होतो, पण माझा प्रश्न याच भांडणातला आहे. माझ्याकडे चार इंची फिक्स्ड साईटचे स्टेनलेस .३५७ आहे. १२५ ग्रेनची मॅग्नम मारतो आणि २५ मीटरवर ती सातत्याने खाली आणि थोडी डावीकडे लागते. माशी कानसावी का?

पोलादपारखी:
डावीकडे लागते ते आधी पाहा. समोरून बघितल्यावर माशी सरळ उभी आहे की कललेली? नेम धरणाऱ्याच्या उजवीकडे माशी कलली असेल तर गोळी डावीकडे जाते. नळी फ्रेममध्ये आटे देऊन बसवलेली असते आणि कारखान्यातून ती कधी कधी किंचित जास्त किंवा कमी फिरून येते. परवानाधारक कारागीर नळीला आणि फ्रेमला नेमक्या मापाचे ठोकळे लावून ती दुरुस्त करतो. सिलिंडरच्या खिडकीतून काहीतरी अडकवून घरी पिळायला जाऊ नका. फ्रेम मुरडली की हत्यार संपले.

जुनीनळी:
यावर मी पोलादपारखींशी सहमत आहे. उंचीबद्दल सांगतो: कानशीला आत्ता हात लावू नका. आधी १५८ ग्रेनची पेटी आणा, हात टेकवून नेम धरा आणि दुसऱ्या कसलेल्या माणसालाही तेच हत्यार मारू द्या, कारण चाप ओढताना उजव्या हाताचे मनगट पडले तरी गोळी खाली-डावीकडेच जाते. १५८ ग्रेनची गोळी नेमावर लागली तर तेच काडतूस वापरा, माशी आहे तशी राहू द्या. मात्र १२५ ग्रेनच वापरायची असे पक्के असेल, तर माशीचा माथा अगदी थोडा थोडा आणि सपाट कानसत प्रत्येक वेळी मारून पाहावे आणि नेमाच्या जरा खालीच थांबावे. त्यानंतर १५८ ग्रेनची गोळी वर लागणार, कायमची. दोन्ही वजने आलटून पालटून मारायची असतील तर हे रिव्हॉल्व्हर बदला आणि खाचमाशींना विचारून दुसरे घ्या. त्या प्रश्नाला फिक्स्ड साईटकडे उत्तर नाही.