कॉंग गावात अर्ध्या दिवसात काय पाहावे?

प्रश्न:
आयर्लंडमधील मेयो परगण्यातले कॉंग हे छोटे गाव गॉलवेहून जाऊन पाहण्याचा विचार आहे. मिळणारी माहिती अ‍ॅशफर्ड किल्ला आणि १९५१ साली गावात चित्रित झालेला हॉलिवूडपट यांपलीकडे फारशी जात नाही. हाताशी अर्धाच दिवस असल्याने आधी किल्ला पाहावा की मठ, आणि प्रसिद्ध ‘कॉंगचा क्रूस’ तेथेच पाहायला मिळतो का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १:
क्रूस आता डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. येशूच्या क्रूसाचा मानला जाणारा लाकडाचा तुकडा ठेवण्यासाठी राजा टर्लक ओ’कॉनर याने ११२३च्या सुमारास तो घडवून घेतला. आत ओकचा गाभा, वर नक्षीदार धातूचे पत्रे आणि मधोमध स्फटिक अशी त्याची घडण आहे. किल्ल्याचे हॉटेल होऊन बराच काळ लोटला, त्यामुळे माझ्या मते आधी मठच पाहावा. टर्लकचा मुलगा रोरी, म्हणजे आयर्लंडचा अखेरचा अधिराजा, उतारवयात याच मठात राहिला आणि ११९८ साली येथेच वारला. ओवऱ्यांच्या कमानी पाहताना मात्र त्यांचा काही भाग एकोणिसाव्या शतकात नव्याने रचलेला आहे, हे ध्यानात ठेवावे. जवळच, नदीच्या पात्रात कमानीवर बांधलेली भिक्षूंची मासेमारीची दगडी खोली आहे. तिच्या जमिनीला ठेवलेल्या भोकातून खाली वाहते पाणी दिसते. मासा सापडला की दोरी ओढून मठाच्या स्वयंपाकघरातली घंटा वाजवीत, असे सांगतात. कथा खरी असो वा नसो, त्या भोकाशी उभे राहिल्यावर ती पटते खरी.

प्रतिसाद २:
वरील यादीत कोरडा कालवा हवाच. मास्क आणि कॉरिब ही दोन सरोवरे जोडून नौका नेता याव्यात म्हणून महादुष्काळाच्या काळात, १८४८ साली, त्याचे काम निघाले आणि १८५४ साली थांबले. येथील चुनखडीला इतक्या भेगा आहेत की पाणी त्यातून झिरपून जाते. पावसाळी दिवसांत ते थोडेफार दिसते, उन्हाळ्यात मात्र घडीव दगडांचे बांधीव काठ आणि तळाशी गवत एवढेच उरते. गंमत अशी, की मास्कचे पाणी कॉरिबला मिळतेच, पण जमिनीखालून.

प्रतिसाद ३:
ते भुयारी पाणी पाहायचे असल्यास जवळच्या जंगलातील ‘पिजन होल’ गुहेत उतरावे. पायऱ्या ओल्या आणि निसरड्या असतात, म्हणून विजेरी व चांगली पकड असलेले बूट जवळ असावेत.