शिडाच्या बोटीवरची दिनचर्या वारा ठरवतो

बंदराबंदरांतून जाणाऱ्या शिडाच्या बोटीवर दिवसभर करायचे तरी काय, या प्रश्नाला वाचन आणि मासेमारी असे उत्तर कोणी देईल. माझ्या मते त्यासाठी वेळ कमीच उरतो. मुंबईहून रत्नागिरी जिल्ह्यातील जयगड बंदराच्या दिशेने जाताना, विशेषतः हिवाळ्यात, पहाटे जमिनीकडून मतलई वारा वाहतो, पुढे तो पडतो आणि दुपारी वायव्येकडून खारा वारा जोर धरतो. त्यामुळे नांगर उचलण्यापासून स्वयंपाकापर्यंतची सारी कामे याच क्रमात बसवावी लागतात. डाळभात सकाळीच कुकरमध्ये शिजवून ठेवावा, कारण दुपारी बोट कलल्यावर स्टोव्हजवळ उभे राहणे शहाणपणाचे नाही. भांडी समुद्राच्या पाण्याने घासून गोड्या पाण्यात केवळ विसळावीत.

बोटीचा ५ नॉट वेग म्हणजे ताशी जेमतेम ९ किलोमीटर, हे ध्यानात ठेवूनच मुक्कामाचे बंदर निवडावे. मुंबईत उधाणाच्या वेळी भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत ४ मीटरांहून अधिक फरक पडू शकतो, म्हणून नांगराची साखळी भरतीच्या खोलीप्रमाणे सोडावी लागते आणि ओहोटीला तळ टेकणार नाही ना, हेही आधी पाहावे लागते. (हा हिशेब उपाशीपोटी करू नये.) रात्री मच्छीमारांच्या जाळ्यांचे तरंगते बोये दिसत नाहीत, त्यामुळे नवख्यांनी तरी अंधारापूर्वी खाडीत शिरावे.