शब्दचर्चा : दूरस्थ, दुर्गम, अवघड

प्रश्न : गावांच्या वर्गवारीवर टिपण लिहिते आहे. 'दूरस्थ', 'दुर्गम' आणि 'अवघड क्षेत्र' हे शब्द कागदोपत्री एकमेकांच्या जागी येतात. फरक करावा का?

शहाद्याहून : ताई, करायलाच हवा. 'दूरस्थ' अंतर सांगतो. 'दुर्गम' म्हणजे जिथं पोचणं कठीण. मग ते तालुक्यापासून हाकेच्या अंतरावर का असेना. 'अवघड क्षेत्र' हा शिक्षकांच्या बदल्यांतला शब्द, तो तिथंच राहू द्या.

मोजणीच्या पद्धतीही अशाच वेगळ्या आहेत. ऑस्ट्रेलियात १९९४च्या वर्गवारीत अंतर सरळ रेषेत धरलं होतं. नंतरचा 'आरिया प्लस' निर्देशांक रस्त्याचं अंतर घेतो : लहानमोठ्या पाच प्रकारच्या सेवाकेंद्रांपर्यंतचं अंतर देशाच्या सरासरीशी ताडून ० ते १५ असा आकडा काढतात. हा 'दूरस्थ'चा हिशेब झाला. २०१८ साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत आलेल्या जागतिक नकाशात वेळ मोजली आहे. रस्ता, चढ, नदी लक्षात घेऊन ५०,००० वस्तीचं शहर किती मिनिटांवर, ते त्यात दिसतं. 'दुर्गम'ला हीच मोजणी जवळची.

आता सातपुड्यात या. नंदुरबार जिल्ह्यातल्या मणिबेलीपासून सरदार सरोवराचं धरण सरळ रेषेत जवळ, पण मध्ये डोंगर आणि नर्मदेचं पाणी. धडगाव-अक्कलकुव्याच्या कितीतरी पाड्यांवरून आजारी माणसाला बांबूच्या झोळीत घालून, खांदे बदलत डांबरी सडकेपर्यंत आणतात; ॲम्ब्युलन्स तिथं उभी असते. रिकाम्या हातानं उतरणाऱ्याची वेळ वेगळी, झोळी खांद्यावर असलेल्यांची वेगळी. दवाखान्यासाठी मोजायचं तर झोळीची वेळ धरा.

चोपड्याहून : शहाद्याच्या दादांचं पटलं, पण महिना कोणता तेही लिहा. आमच्याकडे डोंगरातल्या पाड्यावर उन्हाळ्यात ट्रॅक्टर जातो, आषाढात नाल्याला पूर आला की पायीसुद्धा जाता येत नाही. वर्षाचा एकच आकडा काढला की हे चार महिने त्यात बुडून जातात. यासाठी 'बारमाही रस्ता' हा शब्द आपल्याकडे रुळलेला आहे. २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचा निकषही तोच : सपाटीवर किमान ५००, डोंगरी-आदिवासी भागात किमान २५० लोकसंख्येच्या वाड्या-वस्त्या बारमाही रस्त्यानं जोडायच्या. पाडे विखुरलेले, एकेक २५०च्या आतला, तर तो पहिल्याच चाळणीत गळतो.

शहाद्याहून : बरोबर. ताई, 'दुर्गम'पुढे दोन रकाने करा, 'बारमाही' आणि 'पावसाळी'. आणि मोजणी गावठाणापासून नको, शेवटच्या पाड्यापासून करा.