ओ-टू दिलं की स्पिनलॉक अडकतो

बिटवाला, नागपूर:
रास्पबेरी पाय ४ साठी छोटं कर्नल लिहून राहिलो. स्पिनलॉक (मोकळा होईस्तोवर कोअर फिरत वाट पाहतो ते कुलूप) इनलाइन असेंब्लीत, म्हणजे सी कोडमध्येच घातलेल्या मशीन इन्स्ट्रक्शनमध्ये आहे: एलडीएएक्सआर (लॉक वाचते), सीबीएनझेड (शून्य नसेल तर उडी), एसटीएक्सआर (लॉक लिहिते). ओ-झिरोवर (ऑप्टिमायझेशन बंद) चारही कोअर चालतात, काउंटर बरोबर येतो. जीसीसी कंपायलरला ओ-टू (ऑप्टिमायझेशन चालू) दिलं की सीताबर्डीतून आणलेल्या सिरीयल केबलवर पहिली ओळ येते अन् मग सामसूम. असेंब्लीला व्होलाटाइल लावलेलं आहे. तरी काहून होते असं? ओ-झिरोवरच ठेवू का?

खामला_कोअर:
एमएमयू (मेमरीचे पत्ते सांभाळणारं हार्डवेअर) अन् कॅश चालू आहे ना भाऊ? नसेल तर या एलडीएएक्सआर-एसटीएक्सआरसारख्या एक्सक्लुझिव्ह इन्स्ट्रक्शनचा भरवसा नाही.

बिटवाला:
चालू आहे. दोन्ही आउटपुटचं कन्स्ट्रेंट (कंपायलरला दिलेली अट) "=आर", म्हणजे कोणतंही रजिस्टर, असं आहे. क्लॉबर (असेंब्ली आणखी काय बदलते त्याची यादी) काही दिलं नाही.

वर्धारोडची ताई:
मग दोष तिथेच आहे. ओ-झिरोवर ठेवू नकोस रे, त्यानं दुखणं नुसतं झाकलं जातं. लिनक्स कर्नलसुद्धा एरवी ओ-टूवरच बांधतात.

व्होलाटाइलमुळे तुझा तुकडा कंपायलर काढून टाकत नाही, एवढंच. असेंब्लीत काय लिहिलंय ते तो समजून घेत नाही; कन्स्ट्रेंटमध्ये तू जे कबूल करशील तेच खरं धरतो. "=आर" लिहिलंस म्हणजे सगळे इनपुट वापरून झाल्यावरच आउटपुट लिहीन, असं कबूल केलंस. म्हणून तो लॉकचा पत्ता आणि वाचलेली किंमत एकाच रजिस्टरात बसवू शकतो. लॉक मोकळा असेल तर एलडीएएक्सआर तिथे शून्य आणतो, पत्ता गेला, आणि एसटीएक्सआर शून्य पत्त्यावर लिहायला निघतो. दोन्ही आउटपुट "=&आर" कर, म्हणजे तो त्यांना इनपुटपेक्षा वेगळं रजिस्टर देईल.

शिवाय मेमरी क्लॉबर (असेंब्ली मेमरीला हात लावते असं सांगणारा) हवाच. तो नसेल तर काउंटरचं वाचन लॉकच्या वर सरकवायला कंपायलर मोकळा आहे. लिनक्समधलं बॅरियर मॅक्रो म्हणजे मेमरी क्लॉबर लावलेली रिकामी असेंब्ली. त्यातून एकही इन्स्ट्रक्शन निघत नाही, तरी काम होतं. सीपीयूचा क्रम मात्र वेगळा, तो तुझा एलडीएएक्सआर सांभाळतो. सीबीएनझेड फ्लॅगला हात लावत नाही, तेव्हा सीसी (फ्लॅग बदलतात असं सांगणारा क्लॉबर) नको.

बिटवाला:
ऑब्जडंप (तयार झालेल्या इन्स्ट्रक्शनची यादी) काढला ताई. "एलडीएएक्सआर डब्ल्यू०, [एक्स०]" असंच होतं, अन् डब्ल्यू० म्हणजे एक्स० रजिस्टरचाच अर्धा भाग! "&" लावल्यावर डब्ल्यू२ आलं, चारही कोअर चालून राहिले. अनलॉकलाही मेमरी क्लॉबर लागेल?

वर्धारोडची ताई:
लागेलच. नाहीतर काउंटरचं लिहिणं एसटीएलआरच्या (लॉक सोडणाऱ्या इन्स्ट्रक्शनच्या) खाली घसरेल, आणि तोवर दुसरा कोअर आत शिरलेला असेल.