'लॉस्ट बॉईज' परत बघितला, पण मॅक्सचं कोडं सुटेना

टिळकवाडीकर
नव्वदच्या आसपास शहापुरातल्या व्हिडिओ लायब्ररीतून कॅसेट आणून 'द लॉस्ट बॉईज' (१९८७) हा इंग्रजी व्हॅम्पायरपट बघितला होता. मराठी माध्यमातला मी, निम्मे संवाद डोक्यावरून गेले. व्हॅम्पायर पोरांच्या मोटरसायकली, त्यांच्यातला किफर सदरलँडचा डेव्हिड आणि भाताच्या जागी अळ्या दिसतात तो प्रसंग, एवढंच डोक्यात राहिलं.

परवा मुलीबरोबर परत बघितला. या वेळी त्या टोळीपेक्षा आणि त्यातल्या दोन भावांपेक्षा त्या भावांची आई लूसीच मनात घर करून बसली. नवऱ्यापासून वेगळी होऊन दोन मुलं घेऊन बापाकडे येते, काम शोधते. व्हिडिओ दुकानवाला मॅक्स काम देतो, जीव लावतो, आणि तोच त्या व्हॅम्पायर टोळीचा म्होरक्या! डायान वीस्टनं ती इतकी मायाळू केलीय की शेवटी भीती राहिली बाजूला, मला तिच्यासाठी वाईट वाटलं.

पण व्हॅम्पायरला लसूण सोसत नाही, आरशात तो दिसत नाही म्हणतात; जेवताना पोरं मॅक्सला लसूण खायला घालतात, आरसा दाखवतात, काहीच होत नाही. मग हे कसं? कथेतली चूक, की माझंच काही बघायचं राहिलं?

खानापूरची लेक
चूक नाही दादा. जेवायला आलेला मॅक्स दारातच थांबतो. लूसीचा थोरला मुलगा मायकेल 'या' म्हणतो तेव्हाच पाऊल आत टाकतो. घरच्यानं व्हॅम्पायरला आत बोलावलं की घरातले सगळे उपाय निकामी. शेवटी तो स्वतःच हे सांगतो, पण त्या गोंधळात पटकन निसटतं.

निपाणीहून
बरोबर. मला तर त्यातली जत्रा आवडते. सांता कार्ला हे गाव काल्पनिक, पण शूटिंग कॅलिफोर्नियात सांता क्रूझला झालंय. तिथला लाकडी रोलरकोस्टर १९२४ चा. आणि व्हॅम्पायर उडताना फारसे दिसतच नाहीत, कॅमेराच वरून झेपावतो. छायालेखक मायकेल चॅपमनचं काम आहे ते, मोठ्या पडद्यावर बघायला पाहिजे होतं.

टिळकवाडीकर
ताई, दारातलं वाचलं आणि अंगावर काटा आला. लहानपणी आमच्या गल्लीत 'नाळे बा'ची आवई उठली होती. रात्री ओळखीच्या आवाजात कोणीतरी हाक मारतं, दार उघडायचं नाही. 'नाळे बा', म्हणजे 'उद्या ये', असं कन्नडमध्ये दारावर लिहिलं की ते परत जातं म्हणायचे. आजीला कन्नड लिहिता येत नव्हतं, तिनं शेजारच्या अक्कांना बोलावून खडूनं लिहून घेतलं. पावसानं पुसलं की परत अक्कांना हाक. आम्ही पोरं आतून कडी लागली का ते दोनदा बघायचो.

मुलीला हे कधी सांगितलंच नव्हतं. आज रात्री तो दारातला प्रसंग तेवढा परत लावतो, आणि आजीच्या दाराचं सांगतो.